३४ डेसिबलची खाच २१ वर का अडकली

एका चिपवर सरळ मायक्रोवेव्ह वेव्हगाइड, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींची वाट, आहे. त्याच्या कडेला एक ट्रान्समॉन क्यूबिट (सुपरकंडक्टिंग धातूचा कृत्रिम अणू) आणि क्यूबिटच्या पलीकडे एक रेझोनेटर (एका ठराविक वारंवारतेला घुमणारा परिपथ). रेझोनेटरचा वेव्हगाइडशी थेट संबंध नाही. फोटॉनला त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर क्यूबिटमधूनच जावे लागते. क्यूबिट आणि रेझोनेटर एकमेकांना इतके घट्ट बांधलेले आहेत की ऊर्जा वेव्हगाइडमध्ये निसटण्याआधी दोघांमध्ये अनेकदा ये-जा करते. गणिताप्रमाणे पारगमनाच्या, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती लहर पार जाते याच्या, आलेखात दोन खाचा दिसायला हव्यात, प्रत्येक उणे ३४ डेसिबल खोल. दिसतात त्याही दोनच, आणि नेमक्या जागी. रुंदीही ठीक आहे. तळ मात्र उणे २१ डेसिबलवर अडकलेला आहे. १३ डेसिबलचा फरक, म्हणजे अडवायला हव्या होत्या त्यापेक्षा सुमारे वीसपट जास्त शक्ती पलीकडे जाते आहे. ती कुठून जाते, हा या प्रकरणाचा प्रश्न.

इथले आकडे कुठल्याही एका चिपच्या नोंदवहीतले नाहीत. रचना ठरवून घेतली आहे आणि बाकी सगळे सूत्रांतून काढले आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला कागद-पेन घेऊन प्रत्येक आकडा पडताळता येईल.

रचना

क्यूबिट आणि रेझोनेटर दोघेही ६.००० गिगाहर्ट्झवर आहेत. ट्रान्समॉनची एकूण धारिता ७७ फेम्टोफॅरड, त्यामुळे चार्जिंग ऊर्जा २५० मेगाहर्ट्झ. ६ गिगाहर्ट्झ मिळवायला जोसेफसन ऊर्जा सुमारे १९.५ गिगाहर्ट्झ लागते. दोन्हींचे गुणोत्तर ७८ येते, म्हणजे विद्युतभाराच्या गोंगाटाची चिंता नाही. वेव्हगाइड ५० ओहमचा. त्याच्याशी क्यूबिट १३ फेम्टोफॅरडच्या कपॅसिटरने जोडलेला. क्यूबिटला डावी-उजवी अशा दोन्ही वाटा समांतर दिसतात, म्हणून गणितात ५० नाही तर २५ ओहम धरायचे. ही चूक फार जण करतात आणि रुंदी दुप्पट काढून बसतात. या कपॅसिटरमुळे क्यूबिटची वेव्हगाइडमध्ये ऊर्जा सोडण्याची गती, म्हणजे गॅमा, १२ मेगाहर्ट्झ येते. (पुढे गती आणि रुंदी सगळीकडे दोन पायने भागून, मेगाहर्ट्झमध्ये दिली आहे.)

रेझोनेटर १५० फेम्टोफॅरड आणि ४.७ नॅनोहेन्रीचा, आणि क्यूबिटशी १.८ फेम्टोफॅरडने जोडलेला. त्यातून जोडणीची ताकद ५० मेगाहर्ट्झ मिळते. ऊर्जा क्यूबिटमधून रेझोनेटरमध्ये जाऊन परत यायला १० नॅनोसेकंद. रेझोनेटरची अंतर्गत गुणवत्ता (क्यू-गुणांक) २ लाख धरली, म्हणजे त्याची स्वतःची गळती ०.०३ मेगाहर्ट्झ. क्यूबिटची वेव्हगाइडखेरीजची गळती ०.०२ आणि शुद्ध डिफेझिंग (ऊर्जा न गमावता लहरीची लय विस्कटणे) ०.१० मेगाहर्ट्झ.

एकटा फोटॉन काय पाहतो

जेन्स आणि कमिंग्ज यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाप्रमाणे अशी जोडी एकाच उत्तेजनाच्या पातळीवर 'क्यूबिट' आणि 'रेझोनेटर' अशी वेगळी उरत नाही. तिच्या दोन मिश्र अवस्था होतात, एक मध्यापासून ५० मेगाहर्ट्झ वर आणि एक ५० खाली. प्रत्येकीत क्यूबिटचा हिस्सा अर्धा, म्हणून प्रत्येकीची वेव्हगाइडमधली गती १२ च्या निम्मी, ६ मेगाहर्ट्झ. आयुष्य २६.५ नॅनोसेकंद.

या वारंवारतेचा फोटॉन आला की मिश्र अवस्था त्याला गिळून ठेवत नाही. ती तोच फोटॉन दोन्ही दिशांना परत सोडते. पुढच्या दिशेला सोडलेली लहर मूळ लहरीच्या बरोबर उलट कलेत (फेजमध्ये) असते, म्हणून पुढे दोन्ही एकमेकींना खोडतात. मागे फक्त सोडलेलीच लहर असते, म्हणून फोटॉन परततो. एका अणूचा आरसा होतो तो असा. १-मितीय वाटेतल्या एका फोटॉनसाठी हे गणित शेन आणि फान यांनी २००५ मध्ये सुपरकंडक्टिंग क्यूबिट डोळ्यांसमोर ठेवूनच मांडले होते. २०१० मध्ये आस्ताफिएव्ह आणि सहकाऱ्यांनी एका कृत्रिम अणूने ९४ टक्के शक्ती अडवून दाखवली. पुढच्याच वर्षी गोथेनबर्गच्या गटाने ट्रान्समॉन वापरून तो आकडा ९९ च्या पुढे नेला.

हे खोडणे शोषण नव्हे, व्यतिकरण आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या तपासाचा आधार आहे. व्यतिकरणात आयाम (लहरीची उंची) मोजतात; शक्ती म्हणजे त्याचा वर्ग. पार जाणारा आयाम म्हणजे १ वजा एक गुणोत्तर: वर मिश्र अवस्थेच्या वेव्हगाइड-गतीचा अर्धा भाग, ३ मेगाहर्ट्झ, खाली तिची एकूण अर्ध-रुंदी. क्यूबिटच्या गॅमाच्या अर्ध्यात, म्हणजे सहा मेगाहर्ट्झमध्ये, गळतीचे अर्धे ०.०१, डिफेझिंगचे ०.१० आणि रेझोनेटरच्या गळतीचे अर्धे ०.०१५ मिळवा, मग दोनने भागा: ३.०६२५. तेव्हा पार जाणारा आयाम ०.०२०४. वर्ग केला की उणे ३३.८ डेसिबल. हेच ते ३४.

दोन खाचांच्या बरोबर मध्ये, ६.००० गिगाहर्ट्झवर, उलटे घडते. रेझोनेटर क्यूबिटला हलूच देत नाही, आणि पार जाणारा आयाम ०.९९९९६ येतो. ही पारदर्शक खिडकी नीट दिसत असेल तर रेझोनेटरची गुणवत्ता ठीक आहे, असे निम्मे निदान तिथेच होते.

पहिला संशयित: शक्ती

'सरासरी एका फोटॉनपेक्षा कमी' शक्ती पाठवली की काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात फार कमी लागते. ६ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा ३.९८ गुणिले १० चा उणे २४ वा घात ज्यूल. मिश्र अवस्थेच्या एका आयुष्यात सरासरी एक फोटॉन, म्हणजे चिपवर उणे १२८ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). आता व्हीएनए, म्हणजे पारगमन मोजणारे उपकरण (व्हेक्टर नेटवर्क अॅनलायझर), यातून येतो तो एकेक फोटॉन नसतो. ती क्षीण सुसंगत लहर असते आणि तिच्यात दुसरा फोटॉन सोबत येण्याची शक्यता कधीच शून्य नसते. पहिला फोटॉन मिश्र अवस्थेत असताना दुसरा आला, तर त्याला अडवायला कोणी मोकळे नसते.

दोन्ही दिशांना सारखी जोडणी असलेल्या अणूसाठी परावर्तन १ अधिक ४एन ने भागले जाते, जिथे एन म्हणजे एका आयुष्यातले सरासरी फोटॉन. त्या चारमुळे सगळा घोटाळा होतो. उणे १४० डीबीएमला एन फक्त ०.०६७ असतो. ऐकायला नगण्य वाटते, पण खाच उणे १३ डेसिबलवरच थांबते. उणे १५० ला ती उणे २७ पर्यंत जाते, उणे १६० ला उणे ३२.८, आणि उणे १७० ला उणे ३३.७. म्हणजे गळती मोजायची तर एका आयुष्यात हजारात एकापेक्षाही कमी फोटॉन ठेवावे लागतात.

या प्रकरणात शक्ती उणे १३० पासून उणे १७० पर्यंत ५ डेसिबलच्या पायरीने उतरवली. खाच खोल होत गेली, आणि उणे १५५ च्या खाली उणे २१ च्या आसपास सपाट झाली. त्यामुळे शक्ती संशयातून सुटली. या पायऱ्यांचा आणखी एक फायदा असा की वक्र कुठे वळतो यावरून चिपवर खरी शक्ती किती पोहोचते हे कळते. केबलच्या नुकसानीचा अंदाज खोलीच्या तापमानावरून बांधण्यापेक्षा हे मोजमाप कितीतरी विश्वासाचे, कारण ते अणूनेच केलेले असते.

एक इशारा. व्हीएनए फक्त सुसंगत भाग मोजतो. स्पेक्ट्रम अॅनलायझर लावला तर अणूने कला विसरून सोडलेली शक्तीही त्यात येते, आणि त्याच चिपची खाच उथळ दिसते. दोन उपकरणांचे आकडे शेजारी ठेवून 'चिप बिघडली' म्हणायचे नाही.

दुसरा संशयित: सरासरी काढण्याची रीत

उणे १६५ डीबीएमला एकेका बिंदूवर बरीच मिनिटे सरासरी घ्यावी लागते. तेवढ्या वेळात फ्लक्सच्या (क्यूबिटची वारंवारता ठरवणाऱ्या चुंबकी प्रवाहाच्या) गोंगाटाने क्यूबिटची वारंवारता हलते. मिश्र अवस्था त्याच्या निम्म्याने हलते, हा घट्ट जोडणीचा फायदा. तरी समजा खाचेची जागा ०.३ मेगाहर्ट्झच्या मानक विचलनाने डुलते. तळाशी आयामाचा काल्पनिक भाग जागेच्या सम प्रमाणात बदलतो, एकदा धन, एकदा ऋण. म्हणून संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून बनलेल्या) आयामाची सरासरी घेतली तर तो भाग खोडला जातो आणि खाच उणे ३०.५ वर उरते. पण आधी वर्ग करून, शक्तीची सरासरी घेतली तर काहीच खोडले जात नाही. खाच उणे २० वर येते.

उणे २० आणि उणे २१ इतके जवळ आहेत की इथेच थांबून 'फ्लक्सचा गोंगाट' असे निदान लिहून मोकळे व्हायचा मोह होतो. मोह टाळायला पाच मिनिटे लागतात: सरासरी घेण्याआधीचा संमिश्र कच्चा डेटा जतन करायचा आणि दोन्ही प्रकारे सरासरी काढून पाहायची. या प्रकरणात दोन्ही सरासऱ्या अर्ध्या डेसिबलच्या आत जुळतात. तेव्हा डुलणे हे कारण नव्हे. कच्चा डेटा ठेवला नसेल तर मात्र हा प्रश्न कायमचा उघडा राहतो.

तिसरा संशयित: वाटेतून येणारी उष्णता

मिक्सिंग चेंबरच्या, म्हणजे फ्रिजच्या सर्वांत थंड मजल्याच्या, प्लेटवरचा थर्मामीटर २० मिलिकेल्विन दाखवतो. या तापमानाला ६ गिगाहर्ट्झचे औष्णिक फोटॉन एका मोडमध्ये दहा लाखांत एकापेक्षाही कमी. पण क्यूबिट प्लेटकडे पाहत नाही, वेव्हगाइडकडे पाहतो. आणि वेव्हगाइडच्या दुसऱ्या टोकाला खोलीतली केबल आहे.

केबलवर अॅटेन्युएटर (लहर क्षीण करणारे रोधक) असे बसवले होते: ४ केल्विनला २० डेसिबल, १०० मिलिकेल्विनला १०, आणि मिक्सिंग चेंबरला २०. एकूण ५०. आता फोटॉन मोजत खाली उतरा. ३०० केल्विनला एका मोडमध्ये सुमारे १०४२. पहिल्या २० डेसिबलनंतर त्यातले १०.४ उरतात, पण ४ केल्विनचा अॅटेन्युएटर स्वतःचे १३.३ घालतो, एकूण २३.७. पुढच्या १० डेसिबलनंतर २.३७, त्यात १०० मिलिकेल्विनचे ०.०५ मिळवले की २.४२. शेवटच्या २० डेसिबलनंतर ०.०२४२. २० मिलिकेल्विनच्या प्लेटवर, ७७ मिलिकेल्विनची वाट.

उजवीकडून, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या बाजूने, प्रत्येकी २० डेसिबलचे तीन आयसोलेटर (लहर एकाच दिशेला जाऊ देणारे भाग) प्लेटवर लावलेले आहेत. ४ केल्विनचे १३.४ फोटॉन त्यांतून लाखात एकाच्या आसपास उरतात, तेव्हा ती बाजू स्वच्छ धरू. (एकच आयसोलेटर असता तर त्या बाजूने ०.१३ आले असते, डावीपेक्षा पाचपट वाईट. आउटपुटकडे दुर्लक्ष करून इनपुटवर अॅटेन्युएटर वाढवत बसणे हा नेहमीचा वेळखाऊ प्रकार आहे.) क्यूबिटला दोन्ही बाजू सारख्याच जोडलेल्या, म्हणून त्याला भासणारी संख्या दोन्हींची सरासरी, ०.०१२१. हे ६५ मिलिकेल्विन झाले.

सव्वा टक्का फोटॉनने एवढा फरक पडतो का? पडतो, आणि घट्ट जोडलेल्या जोडीत एकट्या क्यूबिटपेक्षा जास्त पडतो. एकट्या दोन पातळ्यांच्या अणूत औष्णिक फोटॉन परावर्तन सुमारे ४एन ने कमी करतात. इथे एन म्हणजे औष्णिक संख्या. आपल्या जोडीत मूळ अवस्थेतून वर जायच्या वाटा दोन आहेत. खालच्या खाचेवर मोजताना वरची अवस्था औष्णिक फोटॉनने भरलेली असली तरी अणू अडवायला मोकळा नसतो, आणि मूळ अवस्था दोन्हीकडे हलू शकते म्हणून तिची कलाही लवकर विस्कटते. लोकसंख्येतला फरक १ वजा ३एन, रुंदी १ अधिक ३एन. मिळून ६एन. पूर्ण भागाकार केला की परावर्तित आयाम ०.९८० वरून ०.९१२ वर येतो, पार जाणारा ०.०८८ होतो, आणि खाच उणे २१.१ डेसिबल.

आकडा जुळला. पण आकडा तर शक्तीच्या सरासरीचाही जवळपास जुळला होता. म्हणून फ्रिज न उघडता एक चाचणी केली: मिक्सिंग चेंबरचा हीटर लावून प्लेट २० वरून ५० मिलिकेल्विनपर्यंत हळूहळू नेली. वाट स्वच्छ असती तर खाच उणे ३४ वरून उणे २८ वर आली असती, सहा डेसिबलचा फरक. वाट आधीच ६५ ची असेल तर ५० ची प्लेट थोडीच भर घालणार, उणे २१.१ वरून उणे १९.६. दिसला तो दीड डेसिबलचाच फरक. प्लेट गरम केली तरी अणूला फारसे कळत नाही, याचा अर्थ तो मुळात प्लेटच्या तापमानावर नाहीच.

दुरुस्ती, आणि न होणारी दुरुस्ती

खोलीतल्या टोकाला २० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावणे सोपे, म्हणून तोच आधी लावला जातो. त्याने काही होत नाही. तो स्वतः ३०० केल्विनला आहे आणि १०४२ फोटॉनच सोडतो. सिग्नल मात्र कमी होतो, त्यामुळे सरासरीला शंभरपट वेळ लागायला लागतो.

४ केल्विनला आणखी २० डेसिबल? वरून येणारे १०.४ चे ०.१ होतील, पण अॅटेन्युएटरचे स्वतःचे १३.४ तसेच राहतील. खाली पोहोचताना ०.०२४ चे ०.०१४. निम्मेही कमी झाले नाहीत. इथे डेसिबल किती यापेक्षा ते कुठल्या मजल्यावर आहेत ते बघायचे.

मिक्सिंग चेंबरवर १० डेसिबल वाढवले तर खाच उणे ३१.२ वर जाते. २० वाढवले, म्हणजे एकूण ७० केले, तर उणे ३३.५. त्यापुढे वाढवून काही मिळत नाही, कारण आता गळती आणि डिफेझिंगच बोलतात. नवा अॅटेन्युएटर बसवताना त्याची धातूची पेटी प्लेटला तांब्याच्या पट्टीने घट्ट कसायची. आतला रोधक मधल्या तारेला चिकटलेला असतो आणि ती तार थंड व्हायला बाहेरच्या पेटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. थर्मामीटर स्थिर झाला म्हणून लगेच मोजायला बसू नये.

खाच तिरकी असेल तर

या चिपवर खाचा सरळ होत्या, पण शेजारचाच नमुना तिरका निघतो, म्हणून थोडे त्याबद्दल. तिरकेपणाची कारणे दोन जातींची आहेत आणि ती गोंधळून जातात.

पहिली जात बाहेरची: वायर-बाँडचा इंडक्टन्स, चिपच्या कडेला इम्पीडन्सची उडी, पेटीच्या झाकणाखालून चिपला वळसा घालून जाणारी लहर. ही उणे ३० डेसिबलची असली तरी तिचा आयाम ०.०३, म्हणजे खाचेच्या तळाच्या ०.०२ पेक्षा मोठा. तिची कला जुळली तर खाच उणे ४० दिसेल आणि सगळे खूश होतील. उलटी जुळली तर उणे २६. उथळ खाचेइतकाच गणितापेक्षा खोल खाचेचाही संशय घ्यावा. तपासायला त्याच फ्लक्सवर शक्ती उणे १०० डीबीएमपर्यंत चढवायची. क्यूबिट पूर्ण भरून जातो आणि वाट मोकळी होते. ती मापे भाजक म्हणून वापरायची. क्यूबिटला फ्लक्सने दूर ढकलून घेतलेल्या भाजकापेक्षा ही रीत चांगली, कारण दूर गेलेला क्यूबिटही रेझोनेटरजवळ बारीक खाच सोडतो. भागाकारानंतर आयामाचा आलेख संमिश्र प्रतलात वर्तुळ काढतो. वर्तुळ १ या बिंदूपासून सुरू होऊन वास्तव अक्षावर सरळ बसले नाही, तर दोष वाटेत आहे.

दुसरी जात आतली: क्यूबिट आणि रेझोनेटर नेमके एका वारंवारतेवर नसणे. क्यूबिट १० मेगाहर्ट्झने वर असेल तर खाचांमधले अंतर १०० वरून फक्त १००.५ होते. व्हीएनएवर ते ओळखूही येणार नाही. पण रुंदी ६ आणि ६ ऐवजी ६.६ आणि ५.४ होते, वरची रुंद. म्हणून जुळवणी अंतरावरून करायची नाही, रुंदीवरून करायची. दोन रुंदींची बेरीज १२ राहते का हेही सोबत बघायचे.

यातही एक सापळा आहे. रेझोनेटर आणि वेव्हगाइड यांच्यात नकळत अर्धा फेम्टोफॅरड राहून गेला, तर दोन्ही वाटांच्या आयामांची बेरीज-वजाबाकी होऊन रुंदी ६.३ आणि ५.७ होते, क्यूबिट जागेवर असूनही. मग माणूस फ्लक्स हलवून रुंदी समान करतो आणि समाधान मानतो. खरे-खोटे करायला एकाच फ्लक्सवरचे माप पुरत नाही. फ्लक्स पूर्ण फिरवून दोन्ही खाचांच्या रेषांचा टाळलेला छेद (जिथे त्या जवळ येऊन न छेदता वळतात) काढायचा आणि अंतर सर्वांत कमी कुठे होते ते जुळवणीतून काढायचे. रुंदी समान होण्याची जागा आणि अंतर किमान होण्याची जागा एकच असेल तर भटका कपॅसिटर नाही. सुमारे साडेपाच मेगाहर्ट्झचा फरक असेल तर तो अर्धा फेम्टोफॅरड आहे, आणि उपाय पुढच्या चिपवर: रेझोनेटर आणि वेव्हगाइडची मधली पट्टी यांच्यामध्ये ग्राउंडचा धातू रुंद ठेवणे.

आता खरा एकच फोटॉन

खाच उणे ३३.५ झाली म्हणून एकटा फोटॉन पाठवला तर दोन हजारांत एकच निसटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. सलग लहरीला एकच वारंवारता असते. फोटॉनला लांबी असते, म्हणून वारंवारतेचा पसारा असतो.

स्रोत म्हणून दुसरा क्यूबिट घेतला, जो आपली ऊर्जा १ मेगाहर्ट्झच्या गतीने सोडतो. त्याचा फोटॉन झटक्यात सुरू होतो आणि घातांकाने विरतो; आयुष्य १५९ नॅनोसेकंद, आपल्या मिश्र अवस्थेच्या सहापट. सहापट लांब म्हणजे पुरेसा लांब, नाही का? नाही. त्याचा वर्णपट लॉरेंट्झ आकाराचा, लांब शेपट्यांचा. खाचही लॉरेंट्झ आकाराची, ६.१२५ मेगाहर्ट्झ रुंद. दोन्ही एकमेकांवर ठेवले की अडवलेला भाग ६.१२५ भागिले ७.१२५, म्हणजे ८६ टक्के. शंभरातले १४ फोटॉन आरशातून आरपार. झटक्यात उगवणारा पुढचा काठच तेवढा निसटतो: अणूने उलटी लहर उभी करायला वेळ लागतो, आणि तोवर पुढचा काठ निघून गेलेला असतो.

स्रोताची जोडणी वेळेनुसार बदलून फोटॉनला घंटेचा आकार दिला तर चित्र पालटते. अर्ध्या उंचीवर ०.९४ मायक्रोसेकंद रुंद गाउसी फोटॉनचा वारंवारतेतला पसारा ०.२ मेगाहर्ट्झच्या मानक विचलनाचा. निसटणारा भाग अर्ध्या टक्क्याच्या आत. लांबी सहापट केली आणि निसटणे तीसपट घटले, मुख्यतः शेपट्या कापल्यामुळे.

खऱ्या एका फोटॉनचा एक मोठा लाभ असा की सुरुवातीचा ४एन वाला दंड त्याला बसत नाही. सोबत दुसरा नसतोच. औष्णिक फोटॉनचा ६एन वाला दंड मात्र त्यालाही तितकाच बसतो. म्हणून वाट थंड करणे हे एका फोटॉनच्या प्रयोगाला सलग लहरीपेक्षाही जास्त गरजेचे.

कुठली खाच वापरायची

दोन्ही खाचा एका फोटॉनसाठी अगदी सारख्या आहेत. दुसरा फोटॉन सोबत आला की त्या सारख्या उरत नाहीत. क्यूबिटला दोनच पातळ्या असत्या, तर दुसऱ्या उत्तेजनाची पायरी पहिलीपासून दोन्हीकडे २९.३ मेगाहर्ट्झने सरकलेली असती: ५० गुणिले (२ वजा वर्गमूळ २). ट्रान्समॉनला तिसरी पातळी आहे, २५० मेगाहर्ट्झ खाली सरकलेली. ती दोन-उत्तेजनांच्या जोडीला वर ढकलते. तीन बाय तीनचे मॅट्रिक्स सोडवले की वरच्या मिश्र अवस्थेपासून पुढच्या पायरीचे सरकणे २१ मेगाहर्ट्झ उरते, खालच्या अवस्थेचे ४१ होते.

खालच्या खाचेवर दुसरा फोटॉन जवळपास दुप्पट अंतराने बेमेल ठरतो, तेव्हा एकेक फोटॉन वेगळा काढायचा असेल तर ५.९५० गिगाहर्ट्झवर काम करावे, ६.०५० वर नाही. पडताळणीसाठी शक्ती मुद्दाम वाढवून दोन फोटॉन मिळून होणाऱ्या उडीची रेषा शोधायची. वरच्या खाचेच्या १०.६ मेगाहर्ट्झ खाली आणि खालच्या खाचेच्या २०.६ मेगाहर्ट्झ वर ती उगवायला हवी. दोन्ही अंतरे सारखीच आली, तर चार्जिंग ऊर्जा २५० धरली आहे ती चुकली आहे, आणि रचनेच्या पहिल्या ओळीकडे परत जावे लागेल.